परीक्षा मोठी की प्रश्न मोठा?



शाळेचा निकाल लागला की वस्तीतली माणसे मला वाटेत थांबवतात आणि एकच गोष्ट विचारतात, "गुरुजी, पोराला किती टक्के पडले?" आजवर एकाही पालकाने "आमचे पोर वर्गात प्रश्न विचारते का हो?" असे विचारलेले नाही. यात त्यांचा दोष नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटी शिरली नाही, त्या घराला गुणपत्रिका हाच शिक्षणाचा पहिला दिसणारा पुरावा असतो. माझ्या घरीही तेच होते. पदवी घेतलेला आमच्या भावकीतला मी पहिला. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेला वडिलांनी चौकट करून घेतली होती. त्यांना स्वतःला ती वाचता येत नव्हती, तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती दाखवीत.

अलीकडे दुसराही एक विचार कानावर येतो. परीक्षा म्हणजे घोकंपट्टी. शाळांनी तिला फारसे महत्त्व देऊ नये, मुलाची आवड आणि त्याचा स्वतंत्र विचार यांनाच किंमत द्यावी, असे म्हटले जाते. विचार ऐकायला चांगला आहे. परंतु चांगले वाटते म्हणून स्वीकारावे, ही आपली रीत नव्हे. तो आपण पारखून घेऊ. आजचा पाठ त्यासाठीच आहे.

१. माझ्या हातून झालेली चूक

प्रथम माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गाला मी चाचणीत प्रश्न घातला : उन्हाळ्यात विहिरी का आटतात? पुस्तकी उत्तर ठरलेले होते. पाऊस कमी पडतो, उन्हाने पाण्याची वाफ होते, जमिनीतील पाण्याची पातळी खाली जाते. एका मुलीने लिहिले, "आमची विहीर वरच्या मळ्यातल्या बोअरमुळे आटते. त्यांच्या उसाला पाणी असते, आमच्या हंड्याला नसते." मी तांबड्या शाईने फुली मारली आणि शून्य दिले.

पुढच्या चाचणीत तिने पुस्तकातले उत्तर शब्दन्‌शब्द उतरवले. मी पाचपैकी पाच गुण दिले आणि वर्गासमोर तिची पाठ थोपटली. सहामाहीनंतर तिची आई शाळेत आली. म्हणाली, "गुरुजी, पोरीचे मार्क वाढले, बरे झाले. पण आता ती घरी काहीच विचारत नाही. आधी का, कशाला, करून डोके खायची." ती माउली तक्रार करायला आली नव्हती, सहज बोलून गेली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

त्या मुलीने काय केले होते? तिने विहीर पाहिली होती, बोअर पाहिली होती आणि दोहोंचा संबंध स्वतः जोडला होता. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हा तर धम्माचा पाया आहे. नऊ वर्षांची पोर त्या वाटेने चालली होती आणि मी, शिकलेला माणूस, तिला अडवून बसलो. तिने कारण शोधले, मी छापील उत्तर शोधत होतो.

तेव्हा परीक्षेने असे नुकसान होऊ शकते, हे मी प्रथम कबूल करतो.

२. परीक्षेने आपल्याला काय दिले?

आता दुसरी बाजू पाहू. ती आपण विसरलो तर मोठा घात होईल.

बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असतानाची एक हकीकत चरित्रकारांनी नोंदवली आहे. गणित सोडवण्यासाठी शिक्षकांनी त्यांना फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून इतर मुले ते हलवण्यासाठी धावली. वर्गात अशी वागणूक मिळालेला हाच विद्यार्थी १९०७ साली मॅट्रिक झाला आणि १९१२ साली बी. ए. झाला. वर्गाने त्यांना दूर ठेवले. विद्यापीठाच्या परीक्षेला मात्र त्यांचा निकाल नाकारता आला नाही.

बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, आडनाव नसते. ही साधी गोष्ट आपल्या मुलांसाठी फार मोठी ढाल आहे. याला संशोधनाचाही आधार आहे. रेमा हॅना आणि ली लिंडेन या अर्थतज्ज्ञांनी भारतात एक प्रयोग केला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर वेगवेगळ्या जातींची नोंद सोडतीने टाकली आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. ज्या पत्रिकेवर खालची मानलेली जात लिहिलेली होती, तिला सरासरीने कमी गुण मिळाले. फरक थोडा होता, पण होता. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. जात उघड केली नव्हती तेव्हा दलित मुले इतरांच्या बरोबरीने कोडी सोडवीत होती. सर्वांसमक्ष जात पुकारल्यावर त्यांचीच कामगिरी घसरली. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला.

आता विचार करा. उद्या परीक्षा मोडीत काढली आणि "कोणत्या मुलाला खरी आवड आहे, कोण स्वतंत्र विचार करतो, हे शिक्षकच ठरवतील" असे म्हटले, तर त्या ठरवणाऱ्याच्या मनातली जात कोण तपासणार? ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, पेटी-तबला आहे, त्याच्या मुलाची आवड चटकन दिसते. वीटभट्टीवर आईला हात लावून शाळेत येणाऱ्या मुलाची आवड कोणाला दिसणार? म्हणून परीक्षा नकोच, ही भाषा आपण जपून वापरली पाहिजे.

कायद्याचाही अनुभव हेच सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला नापास करणे बंद केले. हेतू चांगला होता : मूल भिऊन शाळा सोडू नये, वर्षभर त्याचे निरीक्षण करून त्याला मदत व्हावी. पण जेथे निरीक्षण झाले नाही आणि मदतही झाली नाही, तेथे मुले धड वाचता येत नसताना वरच्या वर्गात गेली. पालक याला "ढकलपास" म्हणू लागले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत परीक्षा परत आणली आणि तीत नापास होणाऱ्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. परीक्षा काढल्याने शिक्षण आपोआप सुधारत नाही आणि परत आणल्यानेही सुधारत नाही. वर्गात काय घडते, यावर सारे अवलंबून आहे.

३. धम्म काय सांगतो?

'परीक्षा' हा शब्द परि आणि ईक्षा यांपासून झाला. सर्व बाजूंनी पाहणे, हा त्याचा अर्थ. या अर्थाने भगवान बुद्धांइतका परीक्षेचा पुरस्कार कोणी केला?

केसपुत्त गावचे कालाम लोक गोंधळले होते. जो उपदेशक येई तो आपलेच मत खरे सांगे. बुद्धांनी त्यांच्या शंकेला दोष दिला नाही. शंका घेणे योग्यच आहे, असे म्हटले. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा आपला गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका, असे त्यांनी सांगितले. मात्र आपल्या मनाला आवडेल ते खरे माना, असे काही ते म्हणाले नाहीत. त्या आचरणाने हित होते की अहित, शहाणी माणसे त्याची निंदा करतात की प्रशंसा, हे स्वतः तपासून घ्या, असा उपदेश केला. म्हणजेच स्वतंत्र विचारालाही कसोटी आहे.

जीवक वैद्याची गोष्ट घ्या. तो तक्षशिलेला सात वर्षे शिकला. शेवटी गुरूने त्याच्या हाती कुदळ दिली आणि सांगितले : नगराभोवती एक योजनभर फीर आणि औषधी नाही अशी वनस्पती मला आणून दे. जीवक रिकाम्या हाताने परतला; औषधी नाही असे काही त्याला आढळलेच नव्हते. गुरू म्हणाले, तुझी विद्या पुरी झाली. ही परीक्षाच होती. पण तिच्यात पाठ केलेले उत्तर कामी येणारे नव्हते. प्रत्येक झाडाजवळ थांबून जीवकाला स्वतः ठरवावे लागले.

आणि चूळपंथक? त्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरल्या भावानेच त्याला विहार सोडून जायला सांगितले. तथागतांनी मात्र त्याला जवळ घेतले, हाती पांढरे वस्त्र दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. वस्त्र मळत गेले, ते पाहता पाहता चूळपंथकाला अनित्यता उमगली आणि तो अर्हत झाला. पाठांतरात नापास ठरलेला माणूस ज्ञानात उत्तीर्ण झाला. मुलगा ढ नव्हता, शिकवण्याची रीत त्याच्याजोगी नव्हती. आम्हा शिक्षकांनी ही कथा रोज आठवली पाहिजे.

४. बाबासाहेबांच्या आयुष्यातला धडा

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केलाच. त्यांची आवड शाळेने ओळखली नाही, पण मेलीही नाही.

लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी प्रबंध लिहिला. परीक्षकांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही. पुन्हा लिहून आणण्यास सांगितले. बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ साली त्यांना डी. एस्‌सी. मिळाली. प्रबंध ग्रंथरूपाने निघाला तेव्हा त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि आपले मतभेद त्यातच नमूद केले. परीक्षाही द्यायची आणि विचारही सोडायचा नाही, तो असा. आणि विद्यार्थ्याशी मतभेद असूनही त्याची योग्यता मान्य करणारा शिक्षक असतो, तोही असा.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी बालपणाची आठवण सांगितली आहे. वडील रामजी सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. ज्यात शूद्रांना हीन लेखले आहे ते आम्ही का वाचायचे, असे बाबासाहेबांनी एकदा वडिलांना विचारले. वडिलांना प्रश्न रुचला नाही. आधी त्यांनी त्याला गप्प केले. पुन्हा विचारल्यावर मात्र कारण सांगितले : आपल्या मनात न्यूनगंड येऊ नये म्हणून, लहान स्थितीतून वर आलेली माणसे त्यात आहेत म्हणून. मुलाचे पूर्ण समाधान झाले नाही. पण बापाने उत्तर दिले, ही गोष्ट लहान नाही. परीक्षा पास झाल्याच्या सत्कारात दादा केळुसकरांनी त्याला आपले बुद्धचरित्र भेट दिले, तेव्हा ते पुस्तक प्रश्न विचारायला शिकलेल्या मुलाच्या हाती पडले होते. परीक्षेमुळे सत्कार झाला. त्या पुस्तकाचे पुढे जे झाले, ते प्रश्नामुळे झाले.

५. घरी काय करावे?

शाळा केव्हा बदलेल ते आपल्या हाती नाही. घर आपल्या हाती आहे. धम्म स्वीकारताना आपण जुने देव सोडले. आता गाइड आणि टक्केवारी यांना देव्हाऱ्यात बसवू नका.

मूल शाळेतून आले की "किती मार्क?" याच्याआधी "आज काय विचारलेस?" हे विचारा. त्याच्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर "मला ठाऊक नाही, आपण शोधू" म्हणा. त्यात कमीपणा नाही. उत्तर पाठ केले असेल तर पुस्तक मिटून त्याच्या बोलीत सांगायला लावा. आई निरक्षर असली तरी हे ऐकू शकते, आणि पोराला समजले आहे की नाही हे तिला बरोबर कळते. आणि परीक्षेची तयारी मात्र कसून करून घ्या. तो दरवाजा आपल्या लोकांनी मोठ्या कष्टाने उघडला आहे.

त्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. मी वर्गासमोर तिचे जुने उत्तर वाचून दाखवले आणि चूक माझी होती, असे सांगितले. ती काही बोलली नाही. चार-पाच महिने तशीच गेली. मग एके दिवशी तिने हात वर केला : "गुरुजी, परीक्षेत पुस्तकातले लिहायचे की खरे लिहायचे?" मी म्हणालो, "दोन्ही लिही, आणि दोहोंत फरक का आहे तेही लिही." तेव्हापासून प्रश्नपत्रिका काढताना मी एक तरी प्रश्न असा ठेवतो की ज्याचे उत्तर कोणत्याही गाइडात सापडणार नाही.

स्वाध्याय : कुटुंबात बसून चर्चा करा
१. बैठक क्रमांकाने आपल्या मुलांचे कोणते रक्षण होते?
२. जीवकाची परीक्षा आणि आपल्या शाळेची परीक्षा यांत फरक कोणता?
३. या आठवड्यात आपल्या मुलाने विचारलेल्या कोणत्या प्रश्नाला आपण "गप्प बस" म्हणालो? आज त्याचे उत्तर देता येईल का?

जयभीम.