मे महिन्याची सुट्टी आणि माराचा पाऊस

मराठी घरातली मोठी सहल मे महिन्यातच ठरते. मुलांना सुट्टी असते, रजा मिळते, भावंडांच्या तारखा जुळतात. आम्हीही त्याच हिशोबाने केनियाला गेलो. माहितीपत्रकावर मारा नदीत उड्या घेणारे विल्डबीस्ट होते आणि सहल मेच्या पहिल्या पंधरवड्यातली. त्या चित्राचा आणि त्या तारखांचा काडीचाही संबंध नव्हता. सहल विकणाऱ्याने ते सांगितलं नाही, याचा राग मला आजही आहे. सासूबाईंनी या प्रवासासाठी भिशीचे पैसे बाजूला ठेवले होते. असा प्रवास बहुतेक घरांत एकदाच होतो.

मार्चअखेरपासून मेपर्यंत पूर्व आफ्रिकेत मोठा पाऊस असतो. मसाई मारातली बरीच जमीन काळी, चिकट. तिकडचे ड्रायव्हर तिला ‘ब्लॅक कॉटन’ म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. जोराची सर आली की गाडी रुतायची आणि दुसरी गाडी येऊन ओढून काढेपर्यंत सकाळ सरायची. गवत एवढं वाढलेलं की सिंहीण खाली बसली की नाहीशीच. पाणी जागोजागी साचलेलं असल्याने जनावरांना ठरावीक पाणवठ्यावर यायची गरज नसते. शिकारी प्राणी मारात बाराही महिने असतात, आम्हाला दिसलेही. पण विल्डबीस्टचे मोठे कळप तेव्हा सीमेपलीकडे, टांझानियातल्या सेरेंगेटीत होते.

हे कळप पावसामागे, म्हणजे कोवळ्या गवतामागे चालतात. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे आणि हरणं. साधारण डिसेंबर ते मार्च ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूच्या मैदानांवर असतात. तिथल्या मातीत ज्वालामुखीची राख आहे, त्यामुळे आखूड गवतातही खनिजं भरपूर आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना तेच हवं असतं. फेब्रुवारीच्या आसपास, अवघ्या काही आठवड्यांत, लाखो पिल्लं जन्मतात. चित्ते आणि तरस मागावर असतातच. मे-जूनमध्ये कळप पश्चिमेला ग्रुमेटी नदीकडे सरकतात. जुलैच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत ते उत्तर सेरेंगेटी आणि मारात असतात आणि नोव्हेंबरच्या छोट्या पावसाबरोबर दक्षिणेला परततात. पाऊस लांबला की हे सगळंच पुढेमागे होतं.

मला विचाराल तर नदी ओलांडण्याच्या दृश्यासाठी जीव टाकू नका. कळप काठावर तासन्‌तास उभे राहून मागे फिरतात, आणि समोर गाड्यांची रांग लागलेली असते. शिवाय 2024पासून मारात परदेशी प्रौढ पर्यटकाला दिवसाचं प्रवेशशुल्क जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर झालं आहे. रजा जमवता येत असेल तर फेब्रुवारीत न्दुतूला जा. उघडं मैदान, आखूड गवत, नजर पोचेल तिथवर जनावरं.

शाळेमुळे मे सोडवत नसेल, तर देश बदला. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरमध्ये पाऊस ऑक्टोबर ते मार्च पडतो. मेअखेर झाडी विरळ होऊ लागते, डबकी आटतात, जनावरं नद्यांकडे येतात आणि डासही कमी होतात. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तेव्हा मेचा शेवट आणि जूनचा पहिला आठवडा हाती असतो. बोट्स्वानाच्या ओकावांगोत तर अंगोलाच्या डोंगरांत पडलेलं पावसाचं पाणी महिनोन्‌महिने वाहत येतं आणि ऐन कोरड्या दिवसांत पसरतं.

दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर मारा अजून जमू शकतं. झांबियाचं दक्षिण लुआंग्वाही तेव्हा उत्तम, मात्र ऊन भयंकर; वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी तो बेत करणार नाही.

पैसे भरण्याआधी सहल विकणाऱ्याला थेट विचारा: आमच्या तारखांना कळप कुठल्या भागात असतात, आणि आमचा कॅम्प तिथून किती तासांवर आहे? उत्तरात नदीचं, गावाचं नाव आलं नाही आणि नुसतं ‘प्राणी वर्षभर दिसतात’ एवढंच आलं, तर दुसरीकडे चौकशी करा. आणि जूनमध्ये क्रूगरला जाणार असाल तर स्वेटर, कानटोपी हाताशी ठेवा. पहाटेच्या उघड्या जीपमध्ये थंडी चांगलीच झोंबते.