उताऱ्याचे आकलन आणि द्वैभाषिक वाचक : रायपूरच्या मराठी विद्यार्थ्याच्या संदर्भात

केंद्रीय विद्यापीठांतील पदवी अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी २०२२ साली सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. ‘सीयूईटी’ या नावाने परिचित असलेल्या या परीक्षेत तेरा भाषांच्या प्रश्नपत्रिका असून मराठी ही त्यांपैकी एक आहे. भाषेच्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्यांच्या आकलनाला महत्त्वाचे स्थान आहे. उतारे माहितीपर, वाङ्मयीन व कथनात्मक अशा तीन प्रकारचे असतात. २०२५ मध्ये लागू झालेल्या रचनेनुसार ५० प्रश्नांसाठी ६० मिनिटे मिळतात. अचूक उत्तरास ५ गुण दिले जातात व चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी ७२ सेकंद येतात आणि उतारा वाचण्याचा वेळही त्यातच धरावा लागतो.

या परीक्षेच्या तयारीचा विचार सामान्यतः वेगाच्या दृष्टीने केला जातो. रायपूरच्या मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. छत्तीसगड १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते व पुढे १९५६ पर्यंत ते नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात राहिले. त्या काळात रायपुरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची भाषा घरात टिकली. शाळेची भाषा मात्र प्रायः हिंदी झाली. अशा घरातील मुलाने मराठी कानांनी आत्मसात केलेली असते आणि वाचनाची सवय हिंदीची असते. दोन्ही भाषांची लिपी एकच असल्यामुळे आपण भाषा ओलांडली आहे, याची जाणीव डोळ्यांना होत नाही. त्याच्या चुकांचे मूळ बहुधा येथे असते.

उदाहरणादाखल पुढील वाक्ये घ्यावीत : ‘काकांनी राजीनामा दिला म्हणे. घरात मात्र कोणी चेष्टा केली नाही. संसार पूर्वीसारखाच चालला.’ यांत एकही अपरिचित शब्द नाही. तरीही हिंदी वाचनाच्या ओघात ‘राजीनामा’ म्हणजे तडजोडीचा लेख, ‘मात्र’ म्हणजे केवळ, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न आणि ‘संसार’ म्हणजे जग असा अर्थ मनात उभा राहतो. नोकरी सुटलेल्या माणसाची घरच्यांनी थट्टा केली नाही, हा मूळ आशय त्यामुळे पूर्णपणे हरवतो. ‘शिक्षा’, ‘राग’, ‘खाली’, ‘सही’, ‘प्रकृती’ हे शब्दही याच वर्गातले होत. परक्या शब्दापाशी वाचक आपोआप थांबतो. ओळखीच्या शब्दापाशी थांबण्याची सवय त्याला लावून घ्यावी लागते.

शब्दार्थाखेरीज आणखी तीन स्थळी सावधपणा अगत्याचा आहे. पहिले स्थळ लिपीचे. ‘काळ’ आणि ‘काल’, ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांतील भेद ज्या एका अक्षरावर अवलंबून आहे, ते प्रमाण हिंदीच्या नित्य व्यवहारात नाही. दुसरे स्थळ सर्वनामाचे. मराठीत ‘ते’ हे नपुंसकलिंगी एकवचन, पुल्लिंगी अनेकवचन किंवा आदरार्थी रूप असू शकते. हिंदीत नपुंसकलिंग नसल्यामुळे पहिली शक्यता वाचकाच्या ध्यानातच येत नाही. तिसरे स्थळ अव्ययांचे. वरील वाक्यातील ‘म्हणे’ काढून टाकले, तर ऐकीव वार्ता निवेदकाचे विधान बनते. ‘निवेदकाला ही गोष्ट कशी कळली?’ अशा प्रश्नाचे उत्तर त्या एका शब्दात असते.

यावरून वाचनाचा एक क्रम सुचविता येतो. प्रथम प्रश्न वाचावेत, पर्याय नव्हेत. कारण चुकीचे पर्याय वाचकाच्या संभाव्य चुकीवरच रचलेले असू शकतात. नंतर उतारा एकदा सलग वाचावा. परीक्षा संगणकावर होत असल्याने संशयास्पद शब्द व सर्वनामे कच्च्या कागदावर टिपावीत. उत्तर प्रथम आपल्या शब्दांत मनाशी निश्चित करावे आणि मगच पर्यायांकडे वळावे. जो पर्याय सत्य असूनही उताऱ्यात आधार नसलेला आहे, तो वगळावा.

उत्तर निश्चित होत नसेल, तर गणिताचा आधार घ्यावा. चार पर्यायांतून केवळ अंदाजाने निवड केल्यास सरासरी अर्धा गुण पदरी पडतो. एक पर्याय निश्चितपणे वगळता आला तर हा लाभ १ गुणाचा, आणि दोन वगळता आले तर २ गुणांचा होतो. म्हणून प्रश्न कोरा सोडण्यापेक्षा निदान एक पर्याय बाद करण्याइतके वाचन करणे हितावह आहे. मात्र गैरसमज झालेल्या वाचकाला हे गणित तारत नाही. तो अंदाज करीत नसतो. चुकीचे उत्तर तो पूर्ण खात्रीने निवडतो.

मराठीची प्रश्नपत्रिका निवडण्यापूर्वी इष्ट अभ्यासक्रमास ती चालते की नाही, हे विद्यापीठाच्या नियमांत पाहणे आवश्यक आहे. ती चालत असूनही केवळ भीतीपोटी विद्यार्थी हिंदीकडे वळला, तर प्रश्न गुणांपुरता राहत नाही. जी भाषा घरात बोलली जाते परंतु कोठेही वाचली जात नाही, ती पुढच्या पिढीत बोलण्यातूनही ओसरू लागते.

रायपूरला या संदर्भात एक वडीलधारे उदाहरण लाभले आहे. मराठी मातृभाषा असलेले माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० साली सुरू केले आणि ‘दासबोध’ व टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत आणले. अशा अनुवादकाला दोन भाषांतील समान दिसणारा प्रत्येक शब्द नव्याने तोलून पाहावा लागतो. परीक्षार्थ्याकडून साठ मिनिटांत जे अपेक्षित आहे, ते स्वरूपतः याहून वेगळे नाही. तौलनिक साहित्याभ्यासाचा पहिला पाठही हाच आहे : जे आपले वाटते, तेही एकदा परके मानून वाचावे.