महामारी, किशोरवय आणि ‘उपस्थाता’

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रुग्ण. पहिल्या दोन पादांवर आपण पुष्कळ लिहितो. उपस्थात्याचा विचार मात्र रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यापुरताच होतो. कोविड महामारीने किशोरवयीनांच्या बाबतीत याच पादाचे मोल दाखवून दिले, असे आमचे मत आहे.

पार्श्वभूमी : ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले. त्याच महिन्यात शाळा आणि लोकल बंद झाल्या. दहावीचा २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला व नंतर रद्द झाला. २०२१ ची दहावीची परीक्षा तर झालीच नाही. अंतर्गत मूल्यमापनावर १६ जुलै रोजी निकाल लागला. पुणे-लोणावळा मार्गावरील कान्हे येथील मुलांच्या दृष्टीने लोकल म्हणजे केवळ प्रवासाचे साधन नव्हे. फलाटावरची वाट पाहणे, डब्यातील गप्पा, शिक्षकांची नजर हा सारा आधार एकाच वेळी तुटला.

युनिसेफच्या २०२१ च्या अहवालानुसार भारतातील १५ ते २४ वयोगटातील १४ टक्के तरुणांनी वारंवार उदास वाटते किंवा कशातच रस वाटत नाही, असे सांगितले. मानसिक त्रासात इतरांची मदत घेणे चांगले, असे मानणारे आपल्याकडे अवघे ४१ टक्के होते. २१ देशांची सरासरी ८३ टक्के होती. त्रास आहे, पण तो सांगण्याची वाट नाही, असा याचा अर्थ.

चिकित्सालयातील विचार : समजा, पंधरा वर्षांचा मुलगा शिरःशूल, अरुची व निद्रानाश घेऊन आला. ‘दिवसभर मोबाईल पाहतो,’ असे आई सांगते. आपण ब्राह्मी, शंखपुष्पी लिहून देतो. परंतु आईला क्षणभर बाहेर बसवून विचारले, तर कळते की आजी विलगीकरणात गेली ती परतली नाही, आणि त्याविषयी घरात कोणी बोलतच नाही. येथे केवळ औषध पुरेल काय?

उन्मादचिकित्सेत सुहृदाने रुग्णाला आश्वासन द्यावे, असे चरकाचार्य सांगतात. आधार हा चिकित्सेचाच भाग आहे. उपस्थात्याच्या गुणांत उपचारज्ञता, दाक्ष्य व शौच यांबरोबर अनुरागही सांगितला आहे, तो उगाच नव्हे.

म्हणून पुढील गोष्टी कराव्यात :

१. किशोरवयीन रुग्णाशी थोडा वेळ एकट्याने बोलावे. झोप, भूक, मित्र व घरातील दुःख यांविषयी विचारावे.

२. ‘मनातले कोणाशी बोलतोस?’ असा प्रश्न करावा. ज्याचे नाव येईल तोच उपस्थाता. आजोबा, मावशी, शिक्षक, मित्र कोणीही. रुग्णाच्या संमतीने त्याला विश्वासात घ्यावे. साथीत भेट शक्य नसल्यास रोज ठरलेल्या वेळी दूरध्वनी करावयास सांगावे.

३. उपदेश टाळावा. ‘तुझ्यापेक्षा इतरांचे दुःख मोठे’ या वाक्याने मूल गप्प होते.

४. आत्मघाताचे विचार, स्वतःस इजा किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली उदासी आढळल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. आत्मघाताचा विचार असल्यास त्याच दिवशी पाठवावे व मुलास एकटे सोडू नये. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक चिकित्सालयात लावून ठेवावा.

साथीत देहांचे अंतर राखणे अपरिहार्य असते, मनांचे नव्हे. पुढील साथीची वाट न पाहता प्रत्येक किशोरवयीन रुग्णाच्या केसपेपरवर आजपासूनच ‘उपस्थाता’ हा एक रकाना वाढवावा, अशी आमची वैद्यबंधुभगिनींस विनंती आहे.