शरीरातली पाण्याची वाट

लघवीची गोष्ट चारचौघांत काढायला आपण लाजतो. डॉक्टरांपुढे बसलो तरी मान खाली जाते. बायामाणसे तर असले दुखणे महिनोन्‌महिने अंगावर काढतात. पण जी इंद्रिये रात्रंदिवस आपल्यासाठी राबतात, ती अंगात कुठे आहेत हे तरी ठाऊक असावे. ते ठाऊक असले म्हणजे कुठे दुखते, कसे दुखते, हे डॉक्टरांना नीट सांगता येते.

आधी एक प्रश्न. लघवी तयार कुठे होते? पुष्कळांना वाटते, प्यालेले पाणी पोटातून झिरपत खाली येते आणि बाहेर पडते. तसे नाही. पाणी आतड्यातून आधी रक्तात जाते. रक्त सगळ्या अंगात फिरते. जिथे जाते तिथली घाण बरोबर घेते. हे रक्त गाळले जाते आणि त्यातून लघवी निघते. म्हणजे लघवी पोटातून येत नाही, ती रक्तातून येते.

रक्त गाळण्याचे काम दोन मूत्रपिंडे करतात. त्यांनाच किडनी म्हणतात. हा शब्द आता खेड्यातही रुळला आहे. बोकडाचा गुरदा तुम्ही पाहिला असेल. माणसाचे मूत्रपिंड दिसायला तसेच, पण मोठे. आकार घेवड्याच्या बीसारखा. रंग तांबूस तपकिरी. लांबी सुमारे ११ सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपल्या मुठीएवढे. वजन सुमारे १५० ग्रॅम.

ते नेमके कुठे असते? हात पाठीमागे न्या आणि शेवटच्या बरगड्या चाचपा. त्या बरगड्यांच्या आड, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक मूत्रपिंड आहे. उजवे जरा खाली असते, कारण त्याच्या वर यकृत बसलेले आहे. दोघांभोवती चरबीची मऊ गादी असते.

पोते उचलताना कंबरेत चमक भरली की लोक म्हणतात, "किडनीला मार लागला बघा." बहुधा ते स्नायूंचे दुखणे असते. मूत्रपिंडाची जागा त्याहून वर आहे. उलट, मूत्रपिंड हळूहळू बिघडत जाते तेव्हा बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. म्हणून ज्यांना साखरेचा आजार आहे किंवा रक्तदाब आहे, त्यांनी दुखण्याची वाट बघू नये. वर्षातून एकदा तरी रक्त व लघवी तपासून घ्यावी.

आता हे पिंड आतून बघू. त्यात एक जाड रक्तवाहिनी शिरते. दोन्ही पिंडांतून मिळून दर मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त जाते. आत बारीक बारीक गाळण्या असतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. एकेका पिंडात त्या सुमारे दहा लाख असतात. दिवसभरात त्या सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. पंधरा लिटरची एक घागर धरली तर बारा घागरी झाल्या! एवढे पाणी आपण पीत नाही, आणि एवढी लघवीही होत नाही. मग ते जाते कुठे? गाळलेल्या पाण्यातले कामाचे पाणी, मीठ, साखर हे पिंड पुन्हा रक्तात परत घालते. बारा घागरींतले जवळजवळ सगळे परत जाते. उरते फक्त दीड लिटरच्या आसपास. त्यात घाण विरघळलेली असते. तीच लघवी.

चैत्र-वैशाखात पाण्याचे दारे धरताना हे ध्यानात घ्या. घामावाटे पाणी गेले आणि आपण प्यालो नाही, तर पिंड आणखी पाणी परत खेचते. मग लघवी थोडी होते आणि गर्द पिवळी होते. लघवी फिकी होईल इतके पाणी पोटात जायला हवे. मात्र ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड आधीच दुबळे आहे, त्यांनी डॉक्टर सांगतील तेवढेच पाणी प्यावे. आणि अंग दुखते म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणून रोज खाणे वाईट. अशा कित्येक गोळ्या या गाळण्यांना बाधतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी, ओझी वाहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

एक पिंड गेले तरी दुसऱ्यावर माणूस जगतो. १९५४ साली अमेरिकेत बॉस्टन शहरात डॉक्टर जोसेफ मरे यांनी एका माणसाचे मूत्रपिंड त्याच्या आजारी जुळ्या भावाला बसवले. दोघेही जगले. पण "दोन आहेत तर एक विकून कर्ज फेड" असे सांगणारा कोणी भेटला, तर त्याच्या नादी लागू नका. आपल्या देशात १९९४ च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला आहे. विकणारा आणि घेणारा, दोघेही त्यात सापडतात.

पिंडात तयार झालेली लघवी नरसाळ्यासारख्या एका भागात गोळा होते. या नरसाळ्यातून एक नळी खाली जाते. तिला मूत्रवाहिनी म्हणतात. उजवीकडे एक, डावीकडे एक. लांबी वीतभराहून थोडी जास्त, आणि जाडीला पेन्सिलीपेक्षाही बारीक. पाटाचे पाणी उतार मिळाला तरच वाहते. या नळीचे तसे नाही. ती स्वतःच आकसते आणि लघवीला थोडी थोडी पुढे ढकलते. म्हणून आपण आडवे झोपलो तरी काम थांबत नाही.

ही नळी तीन ठिकाणी जास्त अरुंद आहे: जिथे ती नरसाळ्यातून सुरू होते, जिथे ती कमरेच्या हाडांच्या कडेवरून खाली उतरते, आणि जिथे ती मूत्राशयात शिरते. पिंडात मुतखडा झाला आणि सुटून खाली आला, की बहुधा यांपैकी एका जागी अडकतो. मग नळी त्याला ढकलायला जोर करते. तीच ती जीवघेणी कळ. ती पाठीत बरगडीखाली सुरू होते, कुशीतून पुढे येते आणि जांघेत उतरते. माणूस गडबडा लोळतो. कळ ज्या वाटेने जाते ती या नळीचीच वाट. बारीक खडे पुष्कळदा आपोआप पडतात. पण कळेबरोबर थंडीताप आला किंवा लघवी बंद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथे झाडपाला करीत बसू नये.

दोन्ही नळ्या मूत्राशयात उतरतात. मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. ओटीपोटात, पुढच्या हाडाच्या मागे ती असते. रिकामी असली की मिटून बसते, भरली की फुग्यासारखी वर येते. तिच्यात साधारण अर्धा लिटर लघवी मावते. नळ्या तिच्यात तिरप्या शिरतात. त्यामुळे पिशवी भरली की त्यांची तोंडे दाबली जातात आणि लघवी उलटी वर चढत नाही. पिशवीच्या खालच्या तोंडाशी आवळून धरणारे स्नायू आहेत. त्यांवर ताबा ठेवायला लहान मूल हळूहळू शिकते.

पिशवीतून बाहेर जाणारी वाट म्हणजे मूत्रमार्ग. इथे बाई आणि पुरुष यांत मोठा फरक आहे. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब असतो. बाईचा फक्त ४ सेंटिमीटर, म्हणजे बोटाची दोन पेरे. बाहेरचे जंतू एवढी छोटी वाट लवकर चढून जातात. म्हणून उन्हाळी लागण्याचा त्रास बायकांना जास्त. त्यातून शेतावर आडोसा नसतो. मग बाई सकाळपासून पाणीच पीत नाही आणि आलेली लघवी तासन्‌तास धरून ठेवते. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात. हा दोष बाईचा नाही, आडोसा न करणाऱ्यांचा आहे. चार काठ्या आणि एक गोणपाट यांत काम होते. शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा, मागून पुढे नको. गरोदर बाईला लघवीला जळजळ झाली, तर औषध घेतलेच पाहिजे. ते दुखणे वर मूत्रपिंडापर्यंत चढू शकते.

पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती आवळ्याएवढी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. पन्नाशी-साठीनंतर ती पुष्कळांची वाढते आणि वाट दाबते. धार बारीक होते. रात्री चार-चार वेळा उठावे लागते. म्हातारी माणसे म्हणतात, "वय झालं, असं चालायचंच." पण एखाद्या रात्री लघवी साफ अडते. ओटीपोट टणक होते, माणूस तळमळतो. अशा वेळी पळसाची फुले शिजवून पोटावर बांधण्यात रात्र घालवू नये, आणि पाण्यावर पाणी पाजू नये. पिशवी आधीच भरलेली आहे. गाडी जोडावी आणि दवाखान्यात न्यावे. डॉक्टर मूत्रमार्गातून रबरी नळी आत घालतात. थोड्याच वेळात लघवी निघून जाते, आणि रात्रभर विव्हळणाऱ्या आजोबांचा तिथेच खाटेवर डोळा लागतो. पुढचा इलाज सकाळी ठरवता येतो.