आजीचे ब्रँडीचे आइस्क्रीम

ज्या घरात एखाद्या पदार्थाची चव तीन पिढ्यांच्या स्मरणात राहिली, परंतु त्याची कृती मात्र कोणाच्याच हाती उरली नाही, त्या घरातील मंडळींसाठी मी हे लिहीत आहे. त्यातही तो पदार्थ मद्याच्या अंशाने सिद्ध होणारा असेल, तर त्याचा शोध घेताना जिभेच्या समाधानाबरोबर दुसऱ्याच्या प्रकृतीचा प्रश्नही गुंतलेला असतो, ही गोष्ट आमच्या कुटुंबाला एका कठीण रात्रीने शिकविली.

आमचे आजोबा पुण्यास मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अमलात आल्यावर, ज्यांचा मद्याशी औषधापलीकडे संबंध नव्हता अशा घरांनाही बाटली बाळगण्यासाठी सरकारदरबारी रुजू व्हावे लागे. मात्र आकस्मिक दुखण्याच्या प्रसंगी उपयोगी पडावी म्हणून कुटुंबप्रमुखाच्या नावे ब्रँडी, रम अथवा शँपेन बाळगण्याचा परवाना देण्याची तरतूद त्या कायद्यात होती, आणि तशा परवान्यावर आलेली ब्रँडीची एक लहान बाटली आजीच्या कपाटात औषधांच्या शेजारी असे. मे महिन्यात सारी नातवंडे जमली, की तिच्यातील थोडा भाग घरच्या आइस्क्रीमच्या कामी येई. हा उपयोग परवान्यातील हेतूशी सुसंगत नव्हता, हे कचेरीत जन्म काढलेल्या आजोबांना कोणी सांगावयास नको होते. म्हणूनच की काय, आजीच्या वहीत दूध, साखर, आरारूट, जायफळ यांची मापे सुवाच्य अक्षरात नोंदलेली असूनही ब्रँडीचा उल्लेख कोठेच नाही. वहीच्या त्या पानावर एवढेच आहे: दूध दोन शेर, आटवून घेणे, साखर पावशेर, आरारूट सव्वा तोळा, जायफळ अर्धे.

जुन्या वह्यांवरून काम करणाऱ्यांनी प्रथम मापांचा निवाडा करावा. ८० तोळ्यांचा वजनी शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. मापी शेर मात्र गावोगाव निराळा असे, आणि शेर म्हणजे लिटर असे सरसकट धरून चालणाऱ्याचे गणित आरंभीच ढळते. त्याहून महत्त्वाची बाब दुधाची. वहीतले दूध म्हशीचे, शेकडा सहासात भाग स्निग्धांश असलेले आणि आटवून दोनतृतीयांशावर आणलेले असल्याने, त्यात वेगळी साय न घालताही आइस्क्रीमला लागणारा सुमारे दहा टक्के स्निग्धांश आपोआप येई. आज पिशवीतून येणाऱ्या टोन्ड दुधात तो अवघा तीन टक्के असतो. ते तेवढेच आटविले तरी घासात बर्फाचे कण करकरतात, आणि मग मनुष्य दोष भलतीकडेच शोधू लागतो.

आमच्या भावंडांनी तो शोधला ब्रँडीत. आजीच्या पश्चात पुष्कळ वर्षांनी जेव्हा हे आइस्क्रीम पुन्हा करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा प्रत्येकाच्या स्मरणात एक उष्ण, गोडसर, किंचित उग्र असा दरवळ होता, आणि तो ब्रँडीचाच असला पाहिजे याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. पदार्थ चाखून सर्वांचे मत एकच पडे, की तो वास अजून यावा तसा येत नाही. आणि त्यावरचा उपाय म्हणून ब्रँडीचे प्रमाण वाढत जाई. ते जसजसे वाढले तसतसे मिश्रण गोठेनासे झाले. याचे कारण साधे आहे. शुद्ध मद्यार्क उणे ११४ अंश सेल्सियसखेरीज गोठत नाही, आणि पाण्याचा गोठणबिंदू खाली खेचण्याचे त्याचे बळ, वजनास वजन घेता, साखरेच्या सुमारे सातपट आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या ४२.८ टक्क्यांच्या ४५ मिलिलिटर ब्रँडीत सुमारे १५ ग्रॅम मद्यार्क असतो; म्हणजे लिटरभर मिश्रणात तेवढी ब्रँडी घालणे हे गोठण्याच्या दृष्टीने आणखी ११० ग्रॅम साखर ओतण्यासारखे आहे. याच्या दुप्पट घातल्यावर घरच्या शीतकपाटातील उणे १८ अंशांतही ते लिबलिबीत राहावे, यात नवल नाही.

अशाच एका वाढीव प्रमाणाच्या आइस्क्रीमच्या वेळी ती रात्र ओढवली. घरी पंचवीसएक माणसे जेवावयास होती. आमच्या नात्यातील एक गृहस्थ, ज्यांनी मोठ्या निग्रहाने दारू सोडली होती आणि वैद्यकीय देखरेखीखाली डायसल्फिरामच्या गोळ्या घेत होते, त्यांच्या पुढेही इतरांप्रमाणेच वाटी आली. आइस्क्रीममध्ये काय आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि जायफळाच्या वासाखाली ब्रँडी लपून गेली होती. थोड्याच वेळात त्यांचा चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडू लागली, वांत्या सुरू झाल्या आणि रक्तदाब इतका उतरला की त्यांना उचलून रुग्णालयात न्यावे लागले. हे औषध शरीरात मद्याच्या पचनाची वाट अर्ध्यावरच अडविते. त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य रक्तात साठते, आणि त्यासाठी पेलाभर मद्य लागत नाही, काही चमचेही पुरतात. शेवटची गोळी घेतल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका संभवतो. ते बरे होऊन घरी आले. परंतु शरीराला झालेल्या यातनेपेक्षा, आपण पाळलेले व्रत आपल्या नकळत आपल्याच माणसांत मोडले, याचे दुःख त्यांना अधिक झाले. आणि ते दुःख मी त्यांच्या तोंडून ऐकलेले असल्यामुळेच हा मजकूर लिहिण्याचा आग्रह मी धरला आहे.

या प्रसंगाची हकीकत सांगलीस आमच्या आत्याच्या कानी गेली. वयाची नव्वदी ओलांडलेली आत्या बराच वेळ स्तब्ध राहिली आणि म्हणाली, "अरे, पण मुलांना ब्रँडी कोण देईल? पॉट फिरवून झाला, की आई आधी मुलांच्या वाट्या भरायची. मग व्रतानं राहणाऱ्या माझ्या आत्याची, मग शेजारच्या काकांची, त्यांना चालत नसे म्हणून. सगळ्यांचं झालं, की उरलेल्यात बाटलीतलं दोनतीन चमचे घालून पुन्हा चार फेरे द्यायचे. ते मोठ्यांचं."

म्हणजे आम्हा नातवंडांच्या जिभेवर जी चव इतकी वर्षे राहिली, तीत ब्रँडीचा थेंबही नव्हता. तो दरवळ जायफळाचा होता, आटलेल्या दुधाचा होता; आणि पॉटमधून थेट वाटीत आलेल्या, उणे पाचसहा अंशांवरच्या मऊ आइस्क्रीमचा होता. अति थंडीने जिभेला गोडी आणि नाकाला सुगंध मंद लागतो, त्यामुळे शीतकपाटात दगडासारखा झालेला तोच पदार्थ चवीला हिणकस वाटतो. आम्ही जे शोधत होतो ते बाटलीत कधीच नव्हते. परंतु मला याहूनही मोलाचा वाटला तो आत्याने सांगितलेला क्रम. मद्य शेवटी घालावे, हा नियम शास्त्राच्या कसोटीस उतरतो, कारण मिश्रण आधी नीट गोठले म्हणजे नंतरचा थोडा मद्यार्क त्याची घडण फारशी बिघडवू शकत नाही. आणि तोच नियम घरातल्या प्रत्येक माणसाचे वय, व्रत आणि प्रकृती यांची दखल घेणारा आहे. आजीने हे दोन्ही हेतू एका हातोटीत कसे बसविले असतील, याचा विचार करताना तिच्याविषयीचा माझा आदर द्विगुणित होतो.

आता ज्यांना हे करून पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी. म्हशीचे दोन लिटर दूध मंद आचेवर सव्वा लिटरपर्यंत आटवावे. पाव किलो साखर घालून, गार दुधात कालविलेले पंधरा ग्रॅम आरारूट लावून, चांगली उकळी येऊ द्यावी, आणि मिश्रण पूर्ण थंड झाल्यावर जायफळ किसून घालावे. पॉट असल्यास भोवती तीन भाग फोडलेल्या बर्फास एक भाग खडे मीठ असे थर द्यावेत. बर्फ आणि मीठ यांचे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते, म्हणून ते उघड्या हाताने चाचपू नये, आणि आतल्या डब्याच्या झाकणावर खारे पाणी चढणार नाही याकडे लक्ष ठेवावे. दांडा जड फिरू लागला, की ज्यांना मद्य द्यावयाचे नाही त्यांचे आइस्क्रीम प्रथम स्वच्छ चमच्याने काढून वेगळ्या भांड्यात ठेवावे. उरलेल्यात लिटरला ४५ मिलिलिटर या हिशेबाने, अगोदर थंड करून ठेवलेली ब्रँडी घालावी. त्याहून अधिक घालू नये.

ब्रँडी दुधात उकळली म्हणजे मद्य उडून जाते, या समजुतीवर कोणाही मुलाला वा रुग्णाला तो पदार्थ देऊ नये. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या तक्त्यांप्रमाणे उकळत्या पदार्थात मद्य घालून तो लगेच उतरविला तर पंच्याऐंशी टक्के मद्यार्क तसाच राहतो, आणि अर्धा तास शिजविल्यावरही पस्तीस टक्के उरतो. शिवाय या तीव्रतेच्या मद्याची वाफ सव्वीसएक अंशांवरच पेट घेण्याजोगी होते; आपल्या उन्हाळ्यात स्वयंपाकघर नेहमीच याहून तापलेले असते, तेव्हा पेटत्या शेगडीजवळ बाटली उघडू नये.

बाटली कोठून आली, याचाही तपास असावा. जुन्या चवीच्या लोभाने कोणी हातभट्टीची किंवा बिनशिक्क्याची दारू सुचविली तर ती साफ नाकारावी. २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि त्या विषाची ओळख जिभेला पटत नाही. महाराष्ट्रात अशा कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, परवान्याची तरतूद आजही कायद्यात आहे, आणि वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत तर बंदीच आहे.

सर्वांत शेवटी वाढपाविषयी. मद्याचे भांडे निराळ्या रंगाचे ठेवावे, त्यावर ठळक अक्षरात चिठ्ठी लावावी, आणि वाढणाऱ्याने प्रत्येकाला तोंडाने सांगून विचारावे. कोण कोणते औषध घेतो, कोण गरोदर आहे, कोणी काय सोडले आहे याची चारचौघांत चौकशी न करता, केवळ "यात ब्रँडी आहे, त्यात नाही" एवढे स्पष्ट उच्चारले म्हणजे ज्याचा त्याला निर्णय करता येतो. उरलेले आइस्क्रीम शीतकपाटात ठेवताना ती चिठ्ठी डब्यावर कायम राहू द्यावी, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी तो डबा बहुधा मुलेच उघडतात.