उतरणीचा गिअर वरच ठरतो

मित्रांनो, आपल्या दोंडाईच्याहून इंदूरकडे जाणारे ट्रक शिरपूर, पळासनेर ओलांडून सेंधव्याजवळचा बिजासन घाट चढतात आणि परत येताना तोच घाट उतरतात. चढताना इंजिनची परीक्षा होते, हे सगळ्यांना दिसते. पण खरी परीक्षा उतरतानाच असते.

४ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशाकडून धुळ्याकडे येणारा एक कंटेनर पळासनेरजवळ वाहनांना धडकून हॉटेलात शिरला. किमान दहा जणांचा जीव गेला. ब्रेक निकामी झाल्याचे पोलिसांनी सांगितले. त्या अपघाताचा निवाडा करणे आपले काम नाही. पण धडधाकट ब्रेकसुद्धा उतारावर ‘फेल’ कसे होतात, हे मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला सांगता आलेच पाहिजे.

आधी थोडे गणित. एकूण २५ टन वजनाचा ट्रक ३०० मीटर खाली उतरतो असे धरा. त्याची स्थितिज ऊर्जा सुमारे ७३ मेगाज्यूल येते. एवढ्या ऊर्जेत २० अंशांचे जवळजवळ २२० लिटर पाणी उकळीला येईल! वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. थोडी टायर आणि हवा खातात. बाकीची ब्रेकमध्ये जाते, नाहीतर इंजिनमध्ये.

सगळी ब्रेकवर टाकली तर काय होते? ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. लायनरची पकडही कमी होते. पाय तेवढाच दाबला तरी गाडी थांबत नाही. यालाच ब्रेक फेड म्हणतात. शिवाय सारखे पेडल मारत राहिले की टाकीतले एअर प्रेशर उतरते.

आता गिअरकडे वळू. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकेच इंजिनला फिरवू लागतात. पिस्टनचे घर्षण, हवा आत-बाहेर ढकलण्याचे काम, यात ऊर्जा खर्च होते आणि ती उष्णता रेडिएटर व सायलेन्सरमधून बाहेर पडते. एक्झॉस्ट ब्रेक लावला तर धुराची वाट अडते आणि रोध आणखी वाढतो. समजा टॉप गिअरचा रेशो १ आणि तिसऱ्याचा २.५ आहे. मग त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन अडीचपट फिरते आणि त्याचा रोध चाकापर्यंत अडीचपट होऊन पोचतो. म्हणून खालचा गिअर गाडीला धरून ठेवतो.

वेगाचेही तसेच. ५ टक्के उतारावर याच ट्रकला ताशी ३० किलोमीटरवर धरायला सुमारे १०० किलोवॅट जिरवावे लागतात, ६० वर २००. वेग दुप्पट झाला की उष्णताही दुप्पट दराने तयार होते.

यातून निघणारे नियम साधे आहेत :

१) उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या. भरवेगात खालचा गिअर पडत नाही आणि क्लच दाबलेला असतो तेवढा वेळ गाडी मोकळी सुटते.

२) जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. हल्लीची जास्त ताकदीची इंजिने वरच्या गिअरमध्येही चढतात, म्हणून त्यांना याहून एक गिअर खाली घेणे बरे.

३) ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. वेग वाढला की नीट दाबा, थोडा कमी करा आणि सोडून द्या, म्हणजे ड्रमला थंड व्हायला वेळ मिळतो.

४) गाडी न्यूट्रल करू नका आणि इंजिन तर मुळीच बंद करू नका.

चौथा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, कारण डिझेल वाचते अशी समजूत आहे. हल्लीच्या इंजिनमध्ये गिअरमध्ये उतरताना पाय काढला की डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतेच. आणि इंजिन बंद केले तर एअर कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टिअरिंगही जड होते. हा धोका फक्त घाटातच नाही, साध्या हायवेच्या उतारावरही आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. आधी ब्रेक फेल असे म्हटले गेले. पुढे तपासात ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केल्याचे पोलिसांनी सांगितले.

तेव्हा मित्रांनो, ‘ब्रेक फेल’ ही बातमी वाचली की एक प्रश्न जरूर विचारा : गाडी कोणत्या गिअरमध्ये होती? आपल्यापैकी काहीजण उद्या ट्रक डिझाइन करतील, काहीजणांच्या घरी आजच ट्रक आहेत. ड्रायव्हरला डिझेलचा हिशोब मागताना त्याला हेही सांगा, की घाटात दहा मिनिटे उशीर झाला तरी चालेल.