सीट, बेल्ट आणि बाळाची खुर्ची: पैसे किती आणि कुठे घालायचे?

नवी गाडी घेताना शोरूममध्ये आपली घासाघीस कशावर चालते? सीट कव्हर, फूटमॅट, मडफ्लॅप, झालंच तर एखादा परफ्यूम. पाच-सात हजारांची कव्हरं ‘फ्री’ मिळाली की घरी विजयी मुद्रेने परतायचं. आणि त्याच दिवशी कव्हर चढवणारा फिटर मागच्या सीटची बक्कलं कव्हराखाली दाबून मोकळा होतो. विचारलं तर म्हणतो, ‘मागे कोण लावतंय साहेब?’ ज्या वस्तूचे पैसे गाडीच्या किमतीत भरून झालेत, तीच आपण सजावटीखाली पुरतो. सुरक्षेवर खर्च करायचा असेल तर हिशेब इथून सुरू करावा: जे विकत घेतलंय ते आधी वापरात आणायचं, नवीन काय लागतं ते मग बघायचं.

मागे कोण लावतंय, या प्रश्नाचं उत्तर सरकारी आकड्यांत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात बेल्ट न लावलेल्या 16,715 जणांचा अपघातात मृत्यू झाला. त्यांत 8,384 चालक होते आणि 8,331 प्रवासी. म्हणजे जवळजवळ निम्मे. जून 2014 मध्ये दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे अपघातात गेले तेव्हा ते मागच्या सीटवर बसले होते. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले तेही मागेच बसले होते. मागचा माणूस मोकळा असला की त्याचा भार पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो, त्यामुळे पुढे बेल्ट लावून शहाणपणाने बसलेल्यालाही त्याचा फटका बसतो. घरात हे एकदा समजावून सांगा. ‘तुझ्यासाठी लाव’ म्हटल्यावर न ऐकणारे काका ‘पुढे वहिनी बसल्यात, त्यांच्यासाठी लावा’ म्हटल्यावर लावतात.

बिनपैशाची कामं

सीट नीट लावून घ्यायला एक रुपयाही लागत नाही. चालकाची छाती स्टिअरिंगच्या मध्यापासून किमान 25 सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडी जास्त, लांब हवी. एअरबॅग प्रचंड वेगाने फुगते, तिला फुगायला तेवढी जागा लागते. उंची कमी असलेल्या बायका पेडलपर्यंत पाय पोचावा म्हणून सीट अगदी पुढे ओढतात. अशा वेळी सीट वर करता येत असेल तर वर करा आणि पाठ थोडी मागे झुकवून अंतर मिळवा.

बेल्टचा खालचा पट्टा पोटावरून जाता कामा नये, तो कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. वरचा पट्टा खांद्याच्या मधून यावा. तो मानेला घासत असेल तर दाराजवळच्या खांबावरची त्याची कडी खालीवर करता येते. ही सोय कित्येक गाड्यांत असते आणि मालकाला पत्ता नसतो. मान दुखते म्हणून पट्टा काखेतून घेणं मात्र सर्वांत वाईट, कारण धक्क्याचा सगळा भार बरगड्यांवर येतो. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटाच्या खालून आणि वरचा दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने घ्यावा. बेल्ट सोडून देणं हा गरोदरपणातला उपाय नव्हे.

हेडरेस्टचं वरचं टोक डोक्याच्या टोकाच्या पातळीत असावं. नाव आराम देण्याचं असलं तरी त्याचं काम मागून धडक बसल्यावर मान वाचवायचं आहे. आणि शेजारी बसलेल्याने सीट आडवी करून झोप काढणं लांबच्या प्रवासात फार आवडतं. पण त्या स्थितीत धडक बसली तर माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि तोच पट्टा पोटात रुततो. झोप यायची तर बसल्या बसल्या येऊ द्या.

जिथे पैसे घालू नयेत

बेल्ट न लावता अलार्म बंद करणारी क्लिप शंभर-दोनशे रुपयांत मिळायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना ती विक्री थांबवायला लावली आणि तेरा हजारांहून जास्त जाहिराती काढून टाकल्या गेल्या. रस्त्याकडेच्या ॲक्सेसरीच्या दुकानात कुणी दाखवली तर पैसे खिशातच ठेवा. एअरबॅगचं गणितच बेल्ट लावलेल्या माणसासाठी मांडलेलं असतं. बेल्ट नसेल तर फुगत्या बॅगेवर माणूस स्वतः जाऊन आदळतो.

सीट कव्हरचंही तेच. पुढच्या सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ असं लेबल शिवलेलं असेल तर आतून बाजूची एअरबॅग येते. जाड रेग्झिनचं कव्हर तिला अडवतं. त्या बाजूची शिवण सहज उसवेल असं, खास तुमच्या मॉडेलसाठी बनवलेलं कव्हर घ्या, नाहीतर घेऊच नका. डॅशबोर्डवर गणपती डाव्या बाजूला, एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेला असतो, तोही हलवावा. बॅग उघडली की ती मूर्ती समोर बसलेल्याच्या तोंडावर येते. मधोमध ठेवली तर देवाची काही हरकत नसावी.

दंडाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या 194 ब कलमानुसार बेल्ट न लावल्यास 1,000 रुपये, आणि चौदा वर्षांखालचं मूल बेल्टविना किंवा चाइल्ड सीटविना बसवल्यास आणखी 1,000. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे कॅमेरे काचेतून बेल्ट टिपतात आणि चलान मोबाइलवर येतं. तरी दंडाच्या भीतीने हिशेब करू नये, तो फार स्वस्त पडतो.

मांडीवरचं बाळ

खरोखर पैसे घालावेत अशी जागा हीच, आणि नेमका इथेच मराठी मध्यमवर्ग हात आखडतो. आठ-दहा लाखांची गाडी, त्यात आईच्या मांडीवर बाळ. ‘आम्ही नाही का मोठे झालो?’ हे वाक्य ठरलेलं. साधं गणित करून बघा. ताशी 50 किलोमीटरच्या वेगात गाडी आदळली आणि दहा किलोचं बाळ एक दशांश सेकंदात थांबवायचं म्हटलं, तर त्याला धरायला साधारण 140 किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. आईचं प्रेम कितीही असलं तरी हातात तेवढं बळ नसतं. आई आणि बाळ दोघांना मिळून एकच बेल्ट लावणं तर त्याहून घातक, कारण मध्ये बाळ चेपलं जातं.

चाइल्ड सीटच्या किमती मोघम सांगायच्या तर अशा. तान्ह्या बाळापासून चार वर्षांपर्यंत चालणारी, गाडीच्या बेल्टने बांधायची सीट भारतीय ब्रँडमध्ये सात-आठ हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत मिळते. आयसोफिक्स (ते काय, हे पुढे येतंच) असलेली, उंचीवर आधारलेल्या आर 129 या नव्या मानकाची सीट पंधरा हजारांपासून सुरू होते आणि परदेशी नाव असेल तर पस्तीस-चाळीस हजारांपर्यंतही जाते. मोठ्या मुलाला उंच बसवणारं बूस्टर दोन ते सहा हजारांत येतं. ऑनलाइन सेलमध्ये यात बराच फरक पडतो, म्हणून बाळ यायच्या आधीच नजर ठेवावी.

घेताना पाठीमागचा शिक्का बघा. वर्तुळात ‘ई’ अक्षर आणि शेजारी आर 44/04 किंवा आर 129 असा उल्लेख असला म्हणजे ती सीट चाचणीतून गेलेली आहे. हजार-दीड हजारात कापडी गादीला चार पट्टे शिवून ‘कार सीट’ म्हणून जे विकतात, त्यावर असा शिक्का नसतो. ती फक्त गादी आहे. तेवढ्या पैशांत बाळाला लाकडी खेळणी आणा.

आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटची बैठक आणि पाठ यांच्या फटीत गाडीलाच जोडलेले दोन लोखंडी आकडे. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत ते असतात. बोटं घालून चाचपून बघा. असतील तर जास्तीचे पैसे टाकून आयसोफिक्सची सीट घ्यावी असं माझं मत आहे, कारण बेल्टने बांधायच्या सीटमध्ये चुका फार होतात. बांधल्यावर सीट पट्ट्याच्या वाटेजवळ धरून हलवायची, दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर ती सैल आहे. दुकानदाराला तुमच्याच गाडीत बसवून दाखवायला सांगा. जो कुरकुर करतो त्याच्याकडून घेऊ नका.

किमान पंधरा महिन्यांपर्यंत, आणि सीट परवानगी देईल तितकं त्यापुढेही, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे ठेवा. त्या वयात डोकं जड आणि मान कोवळी असते. धडकेत सीटची पाठ दोन्ही सांभाळते. अशी उलटी सीट पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना कधीही लावू नये. मूल मोठं झालं की बूस्टर. पाठ टेकून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेवर वळतात का, खालचा पट्टा मांडीच्या वरच्या भागावर बसतो का, वरचा पट्टा गळ्याला न लागता खांद्यावरून जातो का, हे तिन्ही जमेपर्यंत बूस्टर हवं. बहुतेक मुलांचं हे 145 सेंटिमीटर उंचीच्या आसपास जमतं. बिनपाठीचं बूस्टर 125 सेंटिमीटरआधी देऊ नका.

वापरलेली सीट घ्यावी का? मावसबहिणीकडून, जिची गाडी कधी धडकलेली नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, जरूर घ्यावी. अनोळखी माणसाकडून, ऑनलाइन, मुळीच नाही. प्लॅस्टिकमधली चीर दिसत नाही, आणि सीटवर वापराची मुदत छापलेली असते तीही बघावी. विदर्भातल्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत प्लॅस्टिक लवकर म्हातारं होतं. त्याच उन्हात बक्कल चटका देतं, म्हणून गाडी उभी करताना सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवावा.

अमेरिकेतून नातवंडं येणार असतील तर त्यांची सीट सोबत आणायला सांगा. बऱ्याच विमान कंपन्या ती वेगळे पैसे न घेता नेतात, मात्र तिकीट काढताना खात्री करून घ्या. तिथल्या सीटचे पट्ट्याचे हूक आपल्या आयसोफिक्सच्या आकड्यांत अडकतात. आकडे नसतील तर अडचण येते. तिकडच्या गाड्यांचा बेल्ट पूर्ण ओढला की कुलूप लागतं, आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत तसं लागत नाही, आणि सीट हळूहळू सैल पडते. त्यासाठी लॉकिंग क्लिप सोबत मागवा किंवा सीटलाच तशी पकड आहे का ते विचारा.

दुचाकीचा नियमही लक्षात असू द्या: 15 फेब्रुवारी 2023 पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी बांधणारा हार्नेस आणि हेल्मेट बंधनकारक आहे, वेग 40 च्या आत. हार्नेस पाचशे ते दीड हजारांत मिळतो.

धडकेनंतर आणि जुनी गाडी घेताना

पुढच्या बेल्टमध्ये प्रीटेन्शनर असतो. धडकेच्या क्षणी तो पट्टा आवळतो, आणि एकदाच. नंतर तो बेल्ट अख्खा बदलावा लागतो. छोट्या गाडीचा मागचा साधा बेल्ट दोन-तीन हजारांत होतो, पुढचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. नेमका भाव चॅसी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा. दोन एअरबॅग उघडल्या तर बेल्ट, कंट्रोल युनिट आणि डॅशबोर्ड धरून खर्च सहज लाखाच्या घरात जातो.

विमा इथे उपयोगी पडतो, पण बारीक अक्षरं वाचा. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लॅस्टिकचे भाग आणि एअरबॅग यांवर 50 टक्के घसारा कापतात. म्हणजे चाळीस हजारांच्या बॅगेचे वीस तुमच्या खिशातून. शिवाय 1,500 सीसीपर्यंत 1,000 रुपये आणि त्यावर 2,000 रुपये प्रत्येक दाव्यात ग्राहकाचे जातातच. गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर घसारा न कापणारं ‘झिरो डेप’ कव्हर घ्यावं. आणि गॅरेजवाला ‘बेल्ट चालतोय की, कशाला बदलता’ म्हणाला तर त्याचं ऐकू नका. दाव्याच्या यादीत बेल्ट आहे का ते सर्व्हेअर येण्याआधी तपासा.

जुनी गाडी बघायला गेलात की चारही बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पट्ट्याच्या मुळाशी चिखलाची रेघ किंवा कुबट वास आला तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या आणि 2021 च्या चिपळूणच्या पुरानंतर पाण्यातल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या नसतील असं धरून चालू नका. झटक्याने ओढल्यावर बेल्ट जागच्या जागी अडकला पाहिजे. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर बल्ब मुद्दाम काढलेला असण्याची शक्यता आहे, आणि मग किंमत आणखी खाली ओढण्यापेक्षा दुसरी गाडी बघितलेली बरी.